पांढऱ्या मानेच्या करकोच्याचे तीन फोल्डर

माझ्या पक्ष्यांच्या फोटोंचं एकत्रीकरण आता दोन-चार दिवसांत उरकतंय असं मागच्या नोंदीत लिहिलं होतं. नाही उरकलं. लॅपटॉपवरचे, मित्राच्या मॅकवरून आलेले आणि फोनच्या बॅकअपमधले असे तिन्ही साठे एका मुख्य फोल्डरखाली आणले. स्क्रिप्टनं एकही एरर दिली नाही. उघडून बघतो तर 'पांढऱ्या मानेचा करकोचा' नावाचे तीन फोल्डर एकाखाली एक, एकाच जागी. विंडोज एका ठिकाणी एका नावाचे दोन फोल्डर ठेवू देत नाही म्हणतात, आणि इथे तीन.

मित्राला स्क्रीनचा फोटो पाठवला. त्याचं उत्तर: "तिन्ही सारखेच दिसून राहिले ना? मंग दोन डिलीट कर बे." तिन्हींत वेगवेगळे फोटो होते, म्हणून त्याचा सल्ला बाजूला ठेवला.

आधी वाटलं, शेवटी एखादी स्पेस चिकटली असेल. नव्हती. मग पायथन या प्रोग्रामिंग भाषेत तिन्ही नावांची लांबी, म्हणजे किती चिन्हं ते, छापली. एक २२, बाकीची दोन २३. तिथे धागा हाती लागला. एकेका अक्षराचा कोड छापत गेलो तेव्हा सगळी मेख एकट्या 'ऱ्या' मध्ये निघाली.

लॅपटॉपवर मी इनस्क्रिप्ट कीबोर्डनं टाइप करतो, तिथे ऱ हे एकच अक्षर आहे, युनिकोडमध्ये (प्रत्येक चिन्हाला क्रमांक देणारी पद्धत) ०९३१. मित्राची डिस्क मॅकच्या जुन्या एचएफएस प्लस पद्धतीनं फॉरमॅट केलेली, आणि ती फाइल सिस्टीम नाव साठवतानाच जोडलेली अक्षरं सुटी करते. म्हणजे साधा र आणि त्याखाली वेगळा नुक्ता (टिंब). मॅकची नवी एपीएफएस हा उद्योग करत नाही, दिलेलं नाव आहे तसं ठेवते. तिसरं नाव जुन्या फोनेटिक टंकनातलं: र, हलन्त, त्यापुढे न दिसणारा शून्य रुंदीचा जोडक, मग य. पडद्यावर तिन्हींचं रूप एकच. विंडोजची फाइल सिस्टीम एनटीएफएस मात्र नावं कोडनुसार ताडून बघते, दिसण्याशी तिला काही घेणंदेणं नाही. तिच्या लेखी हे तीन वेगळे पक्षी आहेत.

उपाय पहिला: एनएफसी नॉर्मलायझेशन, म्हणजे सुटी अक्षरं जोडून नावं एका साच्यात आणणं. पायथनच्या युनिकोडडेटा मॉड्यूलमध्ये एका ओळीचं काम. सुटे र आणि नुक्ता जोडले गेले, तिनाचे दोन फोल्डर झाले. खूश होऊन चहा टाकला. पण तिसरा जागचा हलेना. एनएफसी त्या अदृश्य जोडकाला हातच लावत नाही, कारण युनिकोडच्या दृष्टीनं ती दोन लेखनं समतुल्य नाहीतच. तेव्हा दुसरी पायरी हातानं लिहावी लागली: 'र, हलन्त, जोडक' दिसलं की तिथे 'ऱ, हलन्त' घाला. जोडक सरसकट पुसू नका. तो पुसला की 'पांढऱ्या'चा 'पांढर्या' होतो, रफार 'य'वर चढतो, आणि मग ते नाव तर कशाशीच जुळत नाही.

नागपूरकडच्या ठिकाणांची नावं, गोरेवाडा, अंबाझरी, फुटाळा, पेंच, बोर, सगळी सरळ निघाली. पक्ष्यांतही खंड्या, वेडा राघू, हळद्या, टिटवी यांचा काही त्रास नाही. घात केला तो कऱ्हांडल्यानं. त्यातही ऱ्ह आहे, आणि उमरेडकडचे आपले निम्मे फोटो त्याच नावाखाली. ज्यांच्या फोल्डरांत 'किनाऱ्यावरचे', 'तुऱ्याचा' असं काही असेल त्यांनी एकदा लांबी छापून बघाच.

आता यात क्रम महत्त्वाचा. फोल्डर एक करण्याआधी फाइलींची नावं बदलून घ्या. कॅमेऱ्याचा आकडा ९९९९ नंतर पुन्हा ०००१ वर येतो, त्यामुळे डीएससी ०४१२ नावाचा करकोचा दोन फोल्डरांत असू शकतो आणि दोन्ही फोटो निराळे असतात. मी एक्झिफटूलनं (फोटोत दडलेली माहिती वाचणारा प्रोग्राम) तारीख, वेळ आणि उपसेकंद (सेकंदाचा अंश) अशी नावं दिली. साधी वेळ सेकंदापर्यंतच असते, आणि खंड्या पाण्यात सूर मारतो त्या एका सेकंदात सात-आठ फ्रेम पडतात. उपसेकंद घेतल्यावर त्या सगळ्या ओळीनं, घडल्या त्या क्रमानं लागल्या. सूर, शिंतोडे, चोचीत मासा. हे बघायला फार गोड वाटलं. ज्या जुन्या कॅमेऱ्यात उपसेकंद नाही त्यांच्यासाठी मागे क्रमांक जोडला. नाव तरीही जुळलंच तर शा-२५६ हॅश, म्हणजे फाइलीच्या आतल्या मजकुरावरून निघणारा ठसा, काढून बघायचा. हॅश सारखा असेल तरच ती दुसरी प्रत समजायची.

एक्झिफटूल वापरणाऱ्यांना दोन सूचना. विंडोजवर फोल्डरांचे पाथ देवनागरीत असतील तर फाइलनेमचा चारसेट (अक्षरांची कोडपद्धत) यूटीएफ-८ आहे असं त्याला सांगावं लागतं, नाहीतर फाइल सापडतच नाही म्हणून हात वर करतो. आणि 'फाइलनेम'ऐवजी आधी 'टेस्टनेम' चालवा, नवी नावं नुसती दाखवतो, बदलत काही नाही. बल्क रिनेम युटिलिटी हा नावं बदलायचा प्रोग्राम वापरणारे रागावतील, पण त्याचा पडदा म्हणजे विमानाचं कॉकपिट आहे. एकाच फोल्डरचं काम असेल तर इर्फानव्ह्यू पुरतं. एकात एक असे झाडभर फोल्डर असतील तर कमांड लाइनला पर्याय नाही, हे माझं मत कायम.

मॅकवरून आलेल्या पेन ड्राइव्हवर टिंब-अंडरस्कोरनं सुरू होणाऱ्या चिमुकल्या जेपीजी फाइली असतात, त्या आधी गाळा. ते फोटो नव्हेतच, आणि आकार बदलताना बॅच तिथेच अडखळते. सीताबर्डीवरून घेतलेला कार्ड रीडरही मधेच डिस्कनेक्ट होतोय. तो फेकणार आहे, त्यावर जास्त लिहीत नाही.

आकाराचं काम त्या मानानं निमूट झालं. इमेजमॅजिक हा कमांडवर चालणारा प्रोग्राम, लांब बाजू २०४८, क्वालिटी ८५, ऑटो-ओरिएंट चालू. मापाच्या शेवटी 'पेक्षा मोठं'ची खूण (>) लावली की फक्त मोठे फोटो लहान होतात, लहान फुगत नाहीत. पण विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये तीच खूण आउटपुट फाइलीत वळवते, म्हणून ती अवतरणात घाला. इमेजमॅजिकची मॉग्रिफाय कमांड मूळ फाइलीवरच लिहिते, तिला वेगळा पाथ द्या. स्ट्रिप करण्याआधी (म्हणजे फोटोतली जादा माहिती पुसण्याआधी) एसआरजीबी या नेहमीच्या रंगपद्धतीत रूपांतर करा. स्ट्रिपसोबत कलर प्रोफाइलही जातो, आणि अॅडोबी आरजीबीत काढलेला हळद्या फिक्कट लिंबासारखा पिवळा दिसतो. बॅच रात्री जेवणं झाल्यावरच लावतो. इथल्या मे महिन्यात दुपारी कूलरसमोर ठेवूनही लॅपटॉपचा पंखा किंचाळतो.

पुढची योजना होती फाइलनावात पक्ष्याचं नाव घालायची. त्यासाठी नावं साफ करणारी रेग्युलर एक्स्प्रेशन (मजकुरातला नमुना शोधायची सूचना) लिहिली: शब्दातलं अक्षर नसेल तिथे अंडरस्कोर. 'खंड्या'चं झालं 'ख_ड_य_'. पायथनच्या नेहमीच्या आरई मॉड्यूलला अनुस्वार, हलन्त, काना ही शब्दातली अक्षरं वाटतच नाहीत! वेगळं 'रेजेक्स' मॉड्यूल टाकल्यावर हे सुटतं. तरी लिनक्सवर नावाची मर्यादा २५५ बाइट, देवनागरीचं एकेक चिन्ह ३ बाइट खातं, म्हणजे जेमतेम ८५ चिन्हं. तारीख, ठिकाण, पक्षी आणि वर शेरा एवढं घालायला निघालात तर नॅसवर (नेटवर्कवरच्या साठ्यावर) कॉपी करताना अडणार.

हे लिहितालिहिताच वाटतंय की पक्ष्याचं नाव फाइलीत हवंच कशाला? ओळख बदलली की पुन्हा नाव बदला. फाइलीला फक्त तारीख-वेळ, पक्षी कीवर्डमध्ये. उठून लगेच करून बघितलं, तर एक्झिफटूलनं इशारा दिला की आयपीटीसी (फोटोत माहिती भरायची जुनी पद्धत) कीवर्ड मर्यादेबाहेर आहे, कापला. तिथली मर्यादा ६४ बाइट. आमच्या करकोच्याचं नाव ऱ जोडलेला असेल तर ६२ बाइट, बसतं. नुक्ता सुटा असेल किंवा जोडक घातलेला असेल तर ६५. एका बाइटनं शेवटचा काना गेला.

तेव्हा आयपीटीसी सोडून दिलं. कीवर्ड आता एक्सएमपी या नव्या पद्धतीच्या सब्जेक्ट रकान्यात, तिथे अशी मर्यादा नाही, आणि मूळ रॉ फाइलींना हात न लावता शेजारी साइडकार, म्हणजे माहितीची वेगळी छोटी फाइल. आज रात्री फक्त कऱ्हांडल्याच्या फोल्डरवर चालवतो. डिजिकॅम या फोटो सांभाळणाऱ्या प्रोग्राममध्ये साइडकार वाचायची सेटिंग कुणी लावली असेल तर सांगा, आणि व्हॉट्सअॅपवरून आलेल्या, एक्झिफ (कॅमेऱ्यानं फोटोत लिहिलेली माहिती) पुसल्या गेलेल्या फोटोंना तुम्ही वेळ कुठून देता तेही. फाइलनावात तारीख मिळते, पण ती पाठवल्याची.