लानबेरिस: शिखर चढा, पण मुक्काम गावात करा

उत्तर वेल्समधल्या लानबेरिसला येणारे बहुतेक जण मान वर करूनच येतात. वेल्सचं सर्वोच्च शिखर, 1,085 मीटरचं 'अर विद्वा', म्हणजे आपलं भूगोलाच्या पुस्तकातलं स्नोडन, इथूनच चढतात. सकाळी गाडी लावायची, वर फोटो काढायचा, संध्याकाळी परत. आम्ही मात्र गावातच राहिलो आणि शिखराइतकाच वेळ तळ्यापलीकडच्या खाणीला दिला. माझं मत विचाराल तर खाण जास्त लक्षात राहिली.

जेमतेम दोन हजार वस्तीचं हे गाव डोंगर पाहायला येणाऱ्यांमुळे नाही, डोंगर फोडणाऱ्यांमुळे वाढलं. समोरची एलिडिर डोंगराची अख्खी बाजू शिडीसारखी टप्प्याटप्प्याने कापलेली दिसते. ही दिनॉर्विगची खाण. शाळेतल्या पाटीच्या जातीचाच दगड, म्हणजे स्लेट, पण इथे तो मुख्यतः छपरांसाठी निघायचा. 1787 ला काम सुरू झालं, भरभराटीच्या काळात तीन हजारांवर माणसं राबत होती, आणि 1969 ला सगळं थांबलं. मधल्या काळात 1885-86 मध्ये मालकाने टाळेबंदी केली, दगडाच्या धुळीने कितीतरी जणांची फुप्फुसं गेली. जखमींसाठी खाणीचं स्वतःचं इस्पितळ होतं. ती इमारत तळ्याच्या वर अजून उभी आहे.

खाणीतून वर जाणारी नागमोडी वाट धरा. वाटेत अँगल्सी बेटावरून आलेल्या कामगारांच्या बराकी लागतात: समोरासमोर दोन रांगा, छप्पर गेलेलं, चुली मात्र जागच्या जागी. ही माणसं आठवडाभर इथे राहून शनिवारी घरी जायची. 1948 पर्यंत हे असंच चाललं होतं. वारा सुटला की तिथे पाच मिनिटं थांबणंही नको वाटतं. वाट सोडून खाणीत शिरू नका, सुटे दगड घसरतात.

खाणीच्या जुन्या कारखान्यातलं राष्ट्रीय स्लेट संग्रहालय नोव्हेंबर 2024 मध्ये मोठ्या दुरुस्तीसाठी बंद झालं होतं. पुन्हा उघडलंय का, ते निघण्यापूर्वी बघून घ्या. शेजारूनच पादार्न तळ्याच्या काठाने छोटी आगगाडी जाते. मुलं बरोबर असतील तर ती चुकवू नका. तेराव्या शतकातला दोलबादार्न किल्ला म्हणजे आज जवळपास एक गोल बुरूज, पण खिंडीवर पहारा ठेवायला जागा किती अचूक निवडली आहे! सह्याद्रीत फिरलेल्यांना ते लगेच कळेल. तिकीट नाही.

एलिडिरच्या पोटात वीजकेंद्र आहे हे बाहेरून कळतही नाही. मागणी कमी असताना खालच्या पेरिस तळ्यातलं पाणी वर चढवायचं, मागणी वाढली की सोडायचं. आपल्याकडे घाटघरला हेच चालतं, पण घाटघर 250 मेगावॉटचं आणि हे 1,728 चं. 1984 पासून चालू आहे.

आता शिखर. 1896 पासून धावणारी दात्यांच्या रुळांची गाडी गावातूनच निघते. उटीच्या गाडीची आणि हिची दातेरी पद्धत एकच, दोन्हींची जुनी इंजिनं स्विस कारखान्यातली. उन्हाळ्यात तिकीट आधीच काढा. वारा वाढला की गाडी शिखरापर्यंत जात नाही, खालच्या स्थानकावरूनच परत फिरते. हिवाळ्यात बंद असते. पायी जायचं तर लानबेरिसची वाट चढाला सर्वांत सौम्य, पण लांब: जाऊन-येऊन साधारण साडेचौदा किलोमीटर. थोडी कंटाळवाणीही आहे. त्यापेक्षा बसने खिंडीच्या माथ्यावरच्या पेन-अ-पासला जाऊन पिग नावाच्या वाटेने चढा आणि लानबेरिसकडे उतरा. पेन-अ-पासला गाडी लावायची जागा हंगामात आधी आरक्षित करावी लागते, म्हणून बसच बरी. बर्फ असताना मात्र सौम्य म्हणून लानबेरिसच्या वाटेला हलकं घेऊ नका. वरच्या टप्प्यात घसरून माणसं गेली आहेत.

गावात पोचायला लंडनच्या युस्टनहून बँगोरपर्यंत रेल्वे, पुढे बस. गावात मुख्य रेल्वेमार्गाचं स्थानक नाही. मुख्य रस्त्यावर किराणा, चहा-खाण्याची दुकानं आणि गिर्यारोहणाचं सामान मिळतं. शाकाहाऱ्यांचं भाजलेला बटाटा, बीन्स-टोस्ट, सूप यांवर भागतं. 'बारा ब्रिथ' नावाचा फळांचा केक चहासोबत घ्या. दुकानांत वेल्श सर्रास कानावर पडते. निघताना 'दिओल्ख', म्हणजे धन्यवाद, एवढं म्हटलंत तरी समोरचा खुलतो. जॅकेट पाण्याला दाद न देणारं हवं, जुलैतसुद्धा. छत्रीचा वर काही उपयोग नाही.

डोंगरावर अडचण आली तर 999 लावून आधी पोलीस आणि मग माउंटन रेस्क्यू मागायचं. येणारे लोक स्वयंसेवक असतात, त्यामुळे टॉर्च, नकाशा आणि भरलेला फोन जवळ ठेवूनच निघा. आणि परतीच्या शेवटच्या बसची वेळ सकाळीच बघून ठेवा, हंगामाबाहेर ती लवकर सुटते.