सातवीच्या तासाला खो-खो: आधी बसायला शिकवा
पस्तीस मिनिटांचा तास, वर्गात पन्नास मुलं. पहिल्याच दिवशी सगळ्यांना पळायला सोडलं, तर आठ बसतात, चार पळतात, बाकीची कडेला उभी राहतात. म्हणून फक्कीने आठ-आठ चौरसांच्या तीन ओळी आखा. चौरस ३० गुणिले ३० सेंटिमीटरचा, मधली पाटी, म्हणजे चौरसांना जोडणारा लांब पट्टाही ३० सेंटिमीटर रुंद. दोन टोकांना खांब नसतील तर पाण्याच्या बाटल्या चालतात, पण खांबाला वळसा घालायचा सराव मात्र खऱ्या खांबावरच घ्या.

सगळी गंमत बसण्यात आहे. मुलं दोन्ही टाचा टेकून उकिडवी बसतात. वजन मागे जातं आणि 'खो' मिळाला की आधी तोल सावरावा लागतो. त्याऐवजी वजन चवड्यांवर, एक पाय किंचित पुढे, बोटं जमिनीला टेकलेली, नजर समोर. एवढं जमलं की उठणं आणि पहिलं पाऊल एकाच झटक्यात होतं. हे रोज पाच मिनिटं घ्याच.

दुसरी चूक म्हणजे पाठीत धक्का. खो मागूनच द्यायचा, तळव्याचा हलका स्पर्श आणि 'खो' हा शब्द एकत्र. जोरात ढकललं की बसलेलं मूल तोंडावर आपटतं, गुडघे-कोपरं सोलवटतात. तासाआधी खडे वेचून, पाणी मारून घ्या.

खो मिळण्याआधीच उठणं हा फाउल. तो पहिल्या आठवड्यापासूनच द्या. एकदा आधीच उठायची सवय लागली की स्पर्धेपर्यंत जात नाही.