सात-आठ दिवसांचे पंधरा दिवस

हृदयाच्या झडपेचं ऑपरेशन ठरलं तेव्हा मी पहिला प्रश्न विचारला तो, "डॉक्टर, घरी कधी?" लेकीची बारावीची परीक्षा तोंडावर आली होती. डॉक्टर म्हणाले, "सगळं सुरळीत झालं तर सात-आठ दिवसांत." मी सात-आठ दिवस तेवढं धरून बसले. घरी आले पंधराव्या दिवशी.

माझं वय ४६. लहानपणी सांधेताप होऊन गेला होता, त्यातून मायट्रल झडप, म्हणजे हृदयाच्या डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधली झडप, हळूहळू आखडत गेली. जिना चढताना धाप लागायची, पुढे पुढे रात्री आडवं पडलं तरी. ऑपरेशनची तारीखही तीन आठवडे पुढे गेली, कारण हिमोग्लोबिन ९ होतं आणि एक दाढ किडलेली. दाढेतले जंतू रक्तातून नव्या झडपेवर जाऊन बसू शकतात, म्हणून ती आधी काढली. रक्त कमी असताना ऑपरेशन केलं की बाहेरचं रक्त जास्त चढवावं लागतं आणि माणूस उठायलाही वेळ लागतो. तेव्हा मी फार चिडले होते. आज वाटतं, ते थांबणं फार गरजेचं होतं.

वय पाहून धातूची झडप बसवली. दुसऱ्या दिवशी श्वासाची नळी निघाली, तिसऱ्या दिवशी छातीतल्या नळ्या. श्वास आत ओढून तीन छोटे चेंडू वर उचलायच्या त्या यंत्राने जीव मेटाकुटीला यायचा. टाके ओढायचे, खोकताना उशी छातीशी घट्ट धरायची. पण फिजिओथेरपीच्या ताई सोडत नसत. फुप्फुसं नीट उघडली नाहीत तर कफ साठतो, ताप येतो आणि मुक्काम वाढतो, हे त्यांनी मला समजावून सांगितलं होतं.

वॉर्डात आले त्याच रात्री छातीत धडधड सुरू झाली. ठोके कसेही, वेडेवाकडे. परत आयसीयू. हे बाहेर बाकावर रात्रभर बसून होते. सकाळी डॉक्टरांनी सांगितलं, झडपेच्या ऑपरेशननंतर पहिल्या चार-पाच दिवसांत असं बऱ्याच जणांना होतं, आणि आखडलेल्या झडपेमुळे माझ्या हृदयाचा वरचा कप्पा आधीच ताणलेला होता. सलाईनमधून औषध दिलं, दोन दिवसांनी ठोके ताळ्यावर आले.

खरा वेळ गेला तो आयएनआरमध्ये, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणाऱ्या आकड्यात. धातूच्या झडपेवर गुठळी होऊ नये म्हणून रक्त पातळ ठेवावं लागतं. गोळीचा परिणाम दिसायला काही दिवस जातात, तोवर हेपरिनची, म्हणजे लगेच रक्त पातळ ठेवणारी इंजेक्शनं. मायट्रलच्या झडपेला आकडा २.५ ते ३.५ मध्ये हवा होता. माझा आधी १.४, मग १.९, आणि एका सकाळी एकदम ४.१! ठोक्यांसाठी दिलेलं औषध रक्त पातळ करणाऱ्या गोळीचा जोर वाढवतं. डोस थांबवला, कमी केला, पुन्हा रोज रक्त तपासलं. अंगात ताकद आली होती, चालत होते, जेवत होते, आणि तरीही सोडत नव्हते. "मी बरी आहे ना, मग का ठेवता?" म्हणून मी सिस्टरांपुढे रडले. त्या म्हणाल्या, "ताई, आकडा हलता असताना घरी गेलात तर एकीकडे रक्तस्राव, दुसरीकडे गुठळी. कुठल्या धोक्यावर सोडू?"

शेजारच्या कॉटवरच्या सत्तरीच्या काकू आठव्या दिवशी घरी गेल्या. त्यांची महाधमनीची झडप होती, जैविक, म्हणजे प्राण्याच्या ऊतीपासून केलेली, ठोके पहिल्यापासून नीट. पलीकडच्या काकांना मधुमेह. जखम ओली राहिली, मूत्रपिंडाचं काम दाखवणारं क्रिएटिनिन वाढलं. मी निघाले तेव्हा ते तिथेच होते. दिवस मोजून आम्ही एकमेकांशी तुलना करायचो, ती तुलनाच चुकीची होती. ऑपरेशनला नाव एक असलं तरी प्रत्येकाचं हृदय, मूत्रपिंड, साखर वेगळी.

२.८ आला त्या दुपारी कागद हातात मिळाले. आता तालुक्याच्या लॅबमध्ये ठरल्या तारखेला तपासणी असते. मेथी-पालक बंद केलेला नाही, फक्त दर आठवड्याला साधारण तेवढाच खाते, म्हणजे गोळीचा डोस बिघडत नाही. आकडा तारखेसकट वहीत लिहिते. परवाचा २.९ होता.