तुम्ही विचारलंत म्हणून: एमजीबीत अँबॅसिडरचं इंजिन का घातलं?

वाघबिळाला चहाला गाडी थांबवली की बॉनेट उघडेपर्यंत सगळे कौतुक करतात, उघडलं की तोंडं बदलतात. "दादा, ह्ये अँबॅसिडरचं इंजिन न्हवं?" व्हय, अँबॅसिडरचंच. पुढचा प्रश्न ठरलेला. १९६७ ची एमजीबी, इंग्लंडच्या एमजी कंपनीची उघडी टू-सीटर, आणि तिच्यात टॅक्सीचं इंजिन? काँटेसा गाडीचं जपानी इसुझू इंजिन का नाही, जिप्सीचं का नाही, जरा पैसेवाला विचारणारा असला तर होंडाचं का नाही. लग्नात विचारतात. पंचगंगेच्या घाटावर रक्षाविसर्जनाला गेलो होतो तिथंपण एकानं हळूच विचारलंय. म्हणून एकदाचं लिहून टाकतो, इथून पुढं कुणी विचारलं की हेच पाठवणार.

पहिलं म्हंजे टॅक्सीचं टॅक्सीचं म्हणणं बंद करा. अँबॅसिडरचं १४८९ सीसी पेट्रोल इंजिन हे बीएमसीचं, म्हंजे ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनचं बी-सिरीज, आणि १९५५ साली एमजीए ही स्पोर्ट्स कार आली ती ह्याच १४८९ वर. एमजीबीचं मूळ १७९८ हा त्याच घरातला थोरला भाऊ. त्यामुळं माझ्या गाडीचे दोन्ही एसयू कार्बोरेटर मॅनिफोल्डसकट ह्या हेडवर बसले. गिअरबॉक्सला जुळवायला इंजिनामागची बॅकप्लेट कापावी लागली आणि गिअरबॉक्सच्या शाफ्टचं टोक बसतं तो पायलट बुश नवा करावा लागला, तो माझ्याच लेथवर फिरवला. बॉडीला एक भोक नवीन पाडलेलं नाही. तर हे परकं इंजिन नव्हं, सख्खं नसेल, चुलत आहे.

हे मी इतक्या तोऱ्यात सांगतो की समोरचा गप्प बसतो. पण हे कारण मला नंतर सुचलेलं आहे.

जिप्सीवाल्यांना आधी वाटेला लावतो, कारण ते बरोबर आहेत. १२९८ सीसी, ॲल्युमिनियमचा ब्लॉक म्हंजे इंजिनाचं धड, एमपीएफआयवालं (इंजेक्टरनं पेट्रोल सोडणारं) घेतलं तर ८० बीएचपी, इंजिन गाडीच्या लांबीत बसतं, आणि जिप्सीची ट्रान्सफर केस (चारी चाकांना ताकद वाटणारी पेटी) वेगळी असल्यानं पाच गिअरच्या बॉक्सला मागं सरळ प्रोपेलर शाफ्ट जोडता येतो. गाडीचं नाक हलकं होतं ते वेगळंच. नाक जड झालं की काय होतं ते कंपनीनं स्वतःच करून बघितलंय, १९६७ ला एमजीसी काढली, २९१२ सीसीचं सहा सिलिंडरचं धूड पुढं कोंबलं, त्यासाठी बॉनेटला टेंगूळ काढलं, पुढचं सस्पेन्शन बदललं, आणि वळणावर गाडी सरळच जाते म्हणून लोकांनी शिव्या घातल्या. १९६९ ला बंद. मग १९७३ ला रोव्हरचं ३५२८ सीसीचं व्ही-८ घातलं, ते ॲल्युमिनियमचं, आठ सिलिंडर असून वजनाला जुन्या चारच्या आसपास, ती गाडी चांगली निघाली. म्हंजे पॉवरच्या आधी वजन बघायचं एवढं तर कळतंय मला. वायरिंग, ईसीयू म्हंजे इंजिनाचा कॉम्प्युटर, टाकीला परतीची लाईन ह्या अडचणी मी सांगतो खरा, पण कोल्हापुरात, आमच्या वर्कशॉपांच्या उद्यमनगरात राहून वायरिंगला घाबरलो म्हणणं शोभत नाही.

खरी गोष्ट इसुझूची आहे. आणि ब्लॉकची.

२०१६ च्या चैत्रातली गोष्ट. गाडी घेतली तेव्हा मूळ इंजिन आत होतं पण फिरत नव्हतं, आधीच्या मालकानं कधीतरी उकळवलेलं. त्याआधीच महिनाभर मी काँटेसाचं १८१७ सीसीचं इसुझू पाच गिअरच्या बॉक्ससकट घेऊन ठेवलं होतं, स्वस्तात मिळालं म्हणून. हा क्रम लक्षात ठेवा. इंजिन उतरवलं, पार खोललं, ब्लॉक डिझेलनं धुऊन बेंचवर घेतला. तिसऱ्या बोअरचा, म्हंजे पिस्टन वर-खाली होतो त्या भोकाचा, संशय होता, मग रॉकेल लावलं, थोडा वेळ थांबून फडक्यानं कोरडं पुसलं आणि वरून खडू घासला. दोन मिनिटं काहीच नाही. मग पांढऱ्या खडूत केसाएवढी काळपट ओली रेघ उमटायला लागली, बोअरच्या तोंडापासून खाली अडीच इंच. पोरं म्हणाली, "संपला की ओ मालक." मी पण म्हटलं, संपला.

मला वाईट वाटायला पाहिजे होतं. मला सुटल्यासारखं वाटलं. आता कुणी विचारलं तर सांगायला कारण झालं, ब्लॉक फुटलेला होता, म्हणून इसुझू घातलं. ८८ घोडे, पाच गिअर, हायवेला जाळ आन् धूर संगटच. त्याच दुपारी भंगारवाल्याला फोन केला. ब्लॉकवर इंजिन नंबरची पाटी असते, रिव्हेट मारलेली, १८जीबी नं सुरू होणारा नंबर, ती तेवढी छिन्नीनं काढून खिशात टाकली. काट्यावर ५२ किलो भरलं, २४ रुपये किलो, १२४८ झाले. त्यानं १२५० दिले. "दोन रुपये ऱ्हाऊ द्यात मालक." त्यातच संध्याकाळी पोरांना मिसळ घातली.

आमचे आबा मिस्त्री त्या आठवड्यात जोतिबाच्या यात्रेला गेले होते, सासनकाठीबरोबर. चौथ्या दिवशी आले, कपाळाला गुलाल तसाच. बेंचकडं बघून म्हणाले, "ब्लॉक कुठाय?" सांगितलं. "चीर कुठवर हुती?" म्हटलं अडीच इंच, बोअरमध्येच. आबा काय बोलले नाहीत, नुसतं वळून मागं बघितलं. मागं आमचं बोअरिंग मशीन. त्यावर ट्रॅक्टरचा ब्लॉक चढवलेला, त्याच्या फुटलेल्या बोअरला लायनर, म्हंजे आतून नवी नळी, घालायचं काम चाललेलं. शंभरच्या वर ब्लॉकना लायनर घातलेत मी. लोक त्यासाठीच येतात माझ्याकडं. मग आबा म्हणाले, "लायनर ठोकायचा हुता की रं."

गाडी काढून भंगारवाल्याकडं गेलो तर कालच्या ट्रिपला माल शिरोलीला गेलेला. शिरोलीला गेलो. फौंड्रीच्या वॉचमनला काय सांगावं कळेना, सोन्याची अंगठी भंगारात गेली म्हणून सांगितलं, त्यानं सोडलं आत. भट्टीला जायच्या आधी बिडाचा माल फोडून ठेवतात, त्या ढिगावर तासभर वाकून फिरलो. आमच्या ब्लॉकला जुना तांबूस रंग होता, तेवढीच खूण. एक तुकडा सापडला तांबूस रंगाचा, हाताएवढा. आमचाच का कुठल्या ट्रॅक्टरचा, सांगता येईना. दोनदा उचलला, दोनदा ठेवला. घेतला नाही. वॉचमन म्हणाला, "घावली का अंगठी?"

बायको म्हणते तुमचा ब्लॉक आता कुणाच्या तरी मळ्यात पंपाची केसिंग होऊन उसाला पाणी पाजत असंल. समजूत काढते का चेष्टा करते, अजून कळलेलं नाही.

त्यानंतर इसुझू बसवून बघितलं, नाही असं नाही. सांगाड्यात लटकवलं, वर कणकेचे गोळे ठेवून बॉनेट लावलं, कुठं किती जागा राहती बघायला. हे ओव्हरहेड कॅमवालं, उंच. पुढचा गोळा चपातीएवढा पातळ झाला, एका ठिकाणी कव्हरचं लोखंडच उघडं पडलं. म्हंजे त्या जुन्या ॲल्युमिनियमच्या बॉनेटला एमजीसीसारखं टेंगूळ काढायचं. गिअर लिव्हर चार इंच मागं येत होता, म्हंजे टनेल, गिअरबॉक्सवरचा पत्र्याचा उंचवटा, कापायचा. आता ह्या गाडीला वेगळी चेस नाही, वर छत नाही, सगळा भार खालच्या पत्र्यावर, दाराखालच्या सिलवर आणि त्या टनेलवर. कापून परत जोर देता येतो, लोक करतात, मलाही येतं. खडूनं रेघ मारली, ग्राइंडर हातात घेतला, आणि त्या खडूकडं बघून परत ठेवला.

तेव्हाचा मी असता तर म्हणाला असता, अरे इंजिन म्हंजे हवा आत घेऊन बाहेर टाकायचा पंप, बिडाला कसलं नातं लावतोस. आणि त्याचं खोटं पण नाही. मी इंजिन निवडलं ते गाडीचा विचार करून नव्हे, आपण परत काहीतरी कापून मोकळं होऊ ह्या भीतीनं. अँबॅसिडरचं इंजिन बॉडीत काही न कापता बसतं आणि उद्या बॉडीत काही न कापता निघतं, एवढा एकच गुण बघितला. बाकीचं, एमजीए, बी-सिरीज, चुलत भाऊ, हे तुम्हाला गप्प करायला.

मग इंग्लंडहून १७९८ चं रिकंडिशन इंजिन का मागवत नाहीस? मिळतं. पाच लाखांच्या वर एमजीबी झाल्या, पार्टना तोटा नाही. भाडं आणि कस्टम मिळून परवडत नाही असं मी सांगतो, ते अर्ध खरं आहे. बाकीचं अर्ध असं की ते आलं तर त्यावर नंबर दुसराच असणार.

२०२१ ला जुन्या गाड्यांचा केंद्राचा नियम आला. पन्नास वर्षांवरची गाडी, मूळ रूपात असली तर व्हिंटेज म्हणून नोंद, 'व्हीए' वाली नंबर प्लेट, नव्या नोंदणीला २०,००० रुपये, दहा वर्षं मुदत. अट अशी की चेस, बॉडी, इंजिनात मोठा फेरफार नको. बॉडी माझी पास होईल. एकानं तर मला हा नियम पेढे घेऊन येऊन सांगितला होता, बिचाऱ्याला माहीत नव्हतं. रोज चालवायला त्या नोंदणीवर परवानगी नसते, म्हणून आपल्याला तसाही उपयोग नव्हता, असं मी त्याला सांगितलं. पेढा खाल्ला.

चालते कशी तेही विचारता, तर ऐका. पन्हाळ्याच्या चढाला तिसरा दम सोडतो, दुसऱ्यात टाकायला लागते, मागनं बोलेरोवाला हॉर्न मारतो आणि बाजूनं जाताना गाडी बघून हात करतो. हायवेला ऐंशी-नव्वद, त्याच्यावर मी जात नाही, जाईल का माहीत नाही. दसऱ्याला चौकात छत्रपतींची जुनी मेबॅक मोटार येते त्या दिवशी गर्दीत लांब लावून बघायला जातो, परत येईपर्यंत माझ्या गाडीभोवती चार पोरं असतात, बॉनेट उघडा म्हणतात. बहुतेक वेळा किल्ली विसरली म्हणून सांगतो. किल्लीला ती १८जीबीची पाटीच अडकवलेली आहे, त्यामुळं खिशात हात घातला की ती आधी लागते.

इसुझू विकणार का म्हणून परवा इचलकरंजीहून एकाचा फोन आला. किंमत चांगली देत होता. बघू म्हटलं. गेल्या पावसाळ्यात त्याच्यावरची ताडपत्री फाटली होती, ती काढून नवी घातलीय.