पाच लुअर गेले, माशाने एकही नेला नाही

तीन दिवस गुहागरकडच्या हेदवी-तवसाळला गरवलं. पाच लुअर (गळ लावलेले नकली मासे) समुद्राला दिले. पाचही फेकतानाच गेले. मासा नाही, खडक नाही, काही नाही. हात पुढे आला की 'टप्प' असा टिकली फुटल्यासारखा आवाज यायचा, लुअर सुटून भन्नाट लांब जायचा आणि इकडे दोरी वाऱ्यावर लोंबकळत खाली यायची. साडेचारशे रुपयांचा एक, म्हणजे सव्वादोन हजार झाले. पुण्याहून कुंभार्ली घाट उतरून आल्याचं पेट्रोल वेगळंच.

रॉड नऊ फुटी, 10 ते 40 ग्रॅमचे लुअर फेकणारा. रीळ 4000 साइजचं. दोरी नवीन होती, ब्रेडेड, म्हणजे बारीक धाग्यांची विणलेली. ती भरून देणाऱ्या दुकानदाराने सांगितलं होतं, "चाळीस पौंडी आहे साहेब, लीडरची गरज नाही, डायरेक्ट बांधा." (लीडर म्हणजे दोरी आणि लुअरच्या मध्ये जोडायचा जाड तुकडा.) आणि स्पूल, म्हणजे रिळाची दोरी गुंडाळायची चकरी, अगदी काठोकाठ भरून दिला. मला वाटलं, माणूस हात सैल सोडून देतोय. पहिले दोन लुअर याच औदार्यात गेले.

पहिला पॉपर, पाण्यावर उडवत ओढायचा लुअर. पॉपरला झटके देत ओढलं की प्रत्येक झटक्यानंतर दोरी क्षणभर सैल पडते आणि ती सैल वेटोळी तशीच स्पूलवर गुंडाळली जातात. वर घट्ट, खाली सैल. पुढच्या फेकीला वरची दोरी सुटताना खालचा गुंता सोबत घेऊन निघते, तो गुंता रॉडच्या पहिल्याच मोठ्या रिंगमध्ये अडकतो आणि तीस ग्रॅमचा लुअर काही थांबत नाही. काठोकाठ भरलेल्या स्पूलवर तर हे होणारच. ब्रेडेडला काठापासून दोन-तीन मिमी जागा मोकळी हवी. मी हेदवीलाच पंधरा-वीस मीटर दोरी काढून टाकली (खिशात घालून परत आणली, खडपात टाकू नका, पक्ष्यांच्या पायात अडकते) आणि निम्मा त्रास तिथेच संपला.

उरलेला निम्मा सवयीचा. लुअर पाण्यात पडला की बेल (स्पूलवरची फिरती तार) हँडल फिरवून बंद करायची नाही, हाताने करायची. मग रिळाजवळची दोरी दोन बोटांत धरून एकदा ताणायची आणि त्यानंतरच गुंडाळायला लागायचं. वारा समोरून असेल तर फेक खालून, सपाट, आणि लुअर पडायच्या जरा आधी स्पूलच्या कडेला बोट लावून दोरी थांबवायची. स्पूलवर एखादं वेटोळं वर आलेलं दिसलं तर "एवढी एक फेक मारून बघू" म्हणू नका. मी तसं म्हणालो, आणि दुसरा लुअर गेला.

बामणघळीच्या (हेदवीची खडकातली अरुंद घळ) बाजूच्या खडपावर एक काका तंगूस (नायलॉनची एकेरी दोरी) हातात गुंडाळून बसले होते. रॉड नाही, रीळ नाही. तिसरा लुअर गेल्यावर त्यांनी माझ्याकडे न बघताच विचारलं, "तुटलेलं टोक बघितलंस काय रे?"

नव्हतं बघितलं. ही एकच गोष्ट पहिल्या दिवशी कळली असती तर निदान दोन लुअर वाचले असते. टोक कुंचल्यासारखं पिंजलेलं असेल तर दोरी कालवांवर किंवा खडकावर घासलीय. डुकराच्या शेपटीसारखं गोल वळलं असेल तर गाठ सरकून सुटलीय, दोरीला दोष देऊ नका. आणि सरळ कापल्यासारखं असेल तर काहीतरी धारदार आहे, शोधा. माझं टोक शेपटीसारखं वळलेलं होतं. ब्रेडेड गुळगुळीत असते, लुअरच्या जाड तारेच्या कडीवर साधी गाठ मारली की सरकते. लीडर नको म्हणणाऱ्याचं ऐकू नका. फ्लुरोकार्बनचा 40 पौंडी लीडर लावा. गाठ ओढण्याआधी तोंडात धरून ओली करा, कोरडी ओढली तर घर्षणाने तंगूस तापतं आणि नेमकं गाठीजवळ कमजोर होतं.

मग मी शहाणपणा करून दोन मीटरचा लीडर लावला. दोरीला जोडायला डबल युनी गाठ, बोरीच्या बीएवढी. ती रिळापर्यंत आत जायची आणि बाहेर पडताना प्रत्येक रिंगवर टक टक आपटायची. चौथा गेला. एफजी गाठ (दोरी लीडरभोवती विणून मारायची) येत असेल तर लीडर लांब ठेवा, ती बारीक असते, सरकून जाते. येत नसेल तर लीडर आखूड ठेवा, फेकायच्या वेळी गाठ टोकाच्या रिंगच्या बाहेरच राहील एवढा. अंधारात खडपावर उभं राहून एफजी शिकायला जाऊ नका, घरी टेबलावर दहा वेळा बांधा.

पाचव्याचं टोक सरळ कापलेलं. दोरी नीट, गाठ नीट, स्पूल नीट. रात्री लॉजवर मित्राने कान साफ करायच्या कापसाच्या काडीने एकेक रिंग आतून फिरवून पुसली. टोकाकडून तिसऱ्या रिंगमध्ये कापसाचा धागा अडकला. आतल्या सिरॅमिकच्या कड्याला केसाएवढी चीर. डिकी बंद करताना रॉड दबला होता, तेव्हाचीच असणार. डोळ्यांना दिसत नव्हती, नखालाही लागत नव्हती. पुढच्या दिवशी मी मित्राचा जादा रॉड वापरला. निघण्याआधी प्रत्येकाने कापूस फिरवावा, दोन मिनिटांचं काम आहे.

त्याच रात्री सामान तोलायच्या काट्याला ती "चाळीस पौंडी" बांधली. चाळीस पौंड म्हणजे अठरा किलो. गाठीवर नऊच्या आत तुटली. बाटलीला गुंडाळून, गाठ न मारता ओढली तर चौदा. म्हणजे दुकानदार थोडा खोटा आणि माझी गाठ त्याहून जास्त खोटी. पाकिटावरचे पौंड वाचू नका, जाडी वाचा. पीई हा ब्रेडेडच्या जाडीचा नंबर, पीई 2 म्हणजे साधारण 0.235 मिमी, तीस-पस्तीस ग्रॅमच्या लुअरला तीच घ्या, त्याहून बारीक नको. पहिल्यांदाच जात असाल तर सरळ 0.35 मिमीचं तंगूस भरा. लांब जात नाही, पण ताणतं, झटका पचवतं, आणि काकांचं एकदाही तुटलं नाही.

 

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी तवसाळला, जयगडची फेरीबोट लागते त्याच्या जरा आत, भरती चढताना उभे राहिलो. खडप नाही, लाट नाही, दमून गेलो होतो म्हणून गेलो. ड्रॅग, म्हणजे रिळाचा ब्रेक, आवळून घेतला (सैल असला की फेकताना स्पूल बोटाखाली फिरतो, माझं पेर त्यानेच कापलंय, बोटाला चिकटपट्टी लावा). चाळीसेक फेकी झाल्या, दोरी एकदाही तुटली नाही. अंधार पडता पडता एक जिताडा लागला, दीड किलोचा असेल, पाण्याबाहेर दोनदा उडाला. मी इतका ओरडलो की धक्क्यावरची माणसं धावत आली. आता मला विचाराल तर म्हणेन, हेदवीच्या खडपात जाऊच नका, तवसाळलाच जा. उधाणाच्या भरतीला बामणघळीजवळ तर अजिबात नको, तिथं पाणी सांगून येत नाही.

घरी येऊन दोरीचे पुढचे तीन मीटर कापून टाकले, रीळ गोड्या पाण्याने धुतलं. सहावा लुअर माझ्याकडे आहे. मागचा गळ जिताड्याने सरळ केलाय, तो बदलायचाय.