साउथ शिकागो ते मेरिलव्हिल: वडिलांच्या नावाने चाललेली वारी

ऑगस्टमधल्या एका शनिवारी सकाळी शिकागो शहरातल्या साउथ शिकागो या वस्तीत सेंट मायकल चर्चपाशी आमची दिंडी जमते. इथून इंडियानातलं मेरिलव्हिल सुमारे 53 किलोमीटर. दोन दिवसांची चाल, मधे मन्स्टरच्या कार्मेलाइट मठात मुक्काम. शिकागोच्या पोलिश लोकांची ही पायी वारी चेंस्टोहोवाच्या काळ्या मॅडोनाच्या, म्हणजे पोलंडमधल्या त्या गावच्या सावळ्या मरियम मातेच्या, मेरिलव्हिलमधल्या देवस्थानी दर्शनाला जाते. चालणारे एकमेकांना भाऊ, बहीण म्हणूनच हाक मारतात, आपल्याकडे सगळे माउली असतात तसे. ज्याच्यासाठी चालायचं त्याचं नाव कागदावर लिहून सोबत घेतात. त्यांत दिवंगत वडिलांची नावं पुष्कळ.

हे वडील कसे जगले ते समजून घ्यायचं तर आधी मिशिगन तलावाकडची जमीन बघावी. तिथे साउथ वर्क्स हा पोलादाचा कारखाना होता. 1880 च्या सुमाराचा, 1901 पासून यू. एस. स्टीलचा, 1992 मध्ये कायमचा बंद. सेंट मायकल चर्च त्याच कारखान्यात राबणाऱ्या पोलिश कुटुंबांच्या वर्गणीतून उभं राहिलं. इथलेच पाद्री पॉल रोडे 1908 मध्ये अमेरिकेतले पहिले पोलिश बिशप झाले.

भट्टी थांबवता येत नाही, म्हणून बारा-बारा तासांच्या दोन पाळ्या. दर पंधरवड्याला दिवसपाळी आणि रात्रपाळी यांची अदलाबदल व्हायची, आणि ती करायची तर एका गटाला सलग चोवीस तास काम करावंच लागे. दुसऱ्या गटाला तेवढीच सुट्टी. हा प्रकार 1923 पर्यंत चालला, मग आठ तासांची पाळी आली. 1907-08 च्या सुमारास पिट्सबर्गच्या पोलाद कारखान्यांत बिनकसबी मजुराला तासाला साडेसोळा सेंट मिळत. बारा तासांचे दोन डॉलरही होत नसत. शिकागोकडे चित्र फार निराळं नव्हतं.

एवढ्यात घर चालायचं नाही, म्हणून घरात पोटभाडेकरू ठेवत. बहुतेक गावाकडचेच एकटे पुरुष. दिवसपाळीवाला उठून गेला की त्याच खाटेवर रात्रपाळीवाला येऊन पडे. त्यांचा स्वयंपाक, धुणं, प्रत्येकाच्या खाण्याचा हिशेब घरच्या बाईकडे. वडिलांचं पगाराचं पाकीटही बऱ्याच घरांत तिच्याच हातात जाई. मुलांना वडील दिसायचे ते बहुधा झोपलेले, आणि घरात आवाज करायचा नाही, ही सक्त ताकीद. वडिलांच्या कष्टांचं कौतुक करताना तिचे कष्ट झाकले जातात, ते मला पटत नाही. तो पगार पुरवला तिने.

वडिलांचा घरातला हक्काचा उद्योग म्हणजे शरद ऋतूत तळघरात कोबी आंबत घालणं. कोबी बारीक चिरायचा, दहा किलोला दोनशे ते अडीचशे ग्रॅम मीठ, थोडा शहाजिरा. पिंपात थर टाकत पाणी सुटेपर्यंत लाकडी मुसळाने कुटायचा, वर फळी आणि घासून धुतलेला जड दगड. कोबी पाण्याच्या वर आला की बुरशी धरतो. मीठ कमी पडलं तर मऊ पडून सडतो, फार झालं तर आंबतच नाही. हे पिंप हिवाळाभर पुरवायचं, भाडेकरूंसकट.

आता चालीचं. ऑगस्टमध्ये इथे दमट ऊन असतं आणि डांबर खालून भाजतं. पाय सुजतात म्हणून बूट अर्धा नंबर मोठे आणि आधी महिनाभर वापरलेले हवेत. मोजे सुती नकोत, ते घाम धरून ठेवतात आणि ओल्या कातडीला लवकर फोड येतो. प्रत्येक थांब्यावर मोजे बदलावेत. फोडाची कातडी कधीच सोलू नये. नुसतं पाणी ढोसलं की डोकं दुखतं, मळमळतं, कारण घामातून गेलेलं मीठ भरून येत नाही. भट्टीपुढचे कामगारही मिठाच्या गोळ्या खात, ते याच कारणाने.

रस्ता कडेला उतरता असतो. दिवसभर एकाच कडेने चाललं की खालच्या बाजूचा घोटा आणि गुडघा धरतो, म्हणून रांगेतच जागा बदलत राहावं. इंडियानाच्या हद्दीकडे मालगाड्यांची फाटकं लागतात. लांबलचक गाडी आली की दिंडी थांबते, कधी दोन तुकडे होतात. तेव्हा खाली बसू नये, पोटऱ्या आखडतात. उभ्यानेच टाचा वर-खाली करत राहावं.

गाताना एक अडचण नेहमी येते. पुढे एकच कर्णा (लाउडस्पीकर) असेल आणि रांग दोनशे मीटर लांबली, तर मागच्यांना आवाज अर्ध्या सेकंदाहून उशिरा पोचतो आणि जपमाळेचा ताल फुटतो. त्यासाठी रांगेत ठरावीक अंतरावर कर्णे खांद्यावर धरतात आणि ते तारेने जोडतात. मग सगळ्यांतून एकदम आवाज येतो. मात्र कर्णेवाल्यांनी अंतर राखलं नाही तर तार ताणून जोड सुटतो, म्हणून या कामाला शांत माणूस लागतो.

मन्स्टरचा मठ दुसऱ्या महायुद्धानंतर इथे आलेल्या पोलिश पाद्र्यांनी उभारला. तिथे स्पंजासारख्या सच्छिद्र दगडांच्या गुहा आहेत. मुक्कामी आधी पाय धुवावेत, फोड बघावेत, मगच जेवायला बसावं. जेवणानंतर कुणाचंही वाकायचं मन होत नाही.

रविवारी निघताना पहिली वीस मिनिटं पावलं रेटावी लागतात, मग अंग मोकळं होतं. मेरिलव्हिलला साल्वातोरियन या संघाच्या पाद्र्यांच्या आवारात मिस्सा, म्हणजे ख्रिस्ती सामूहिक उपासना, होते. कागदावर नुसतं 'वडिलांसाठी' लिहून भागवू नये. नाव, पोलंडमधलं गाव, कारखाना आणि खातं, एवढं लिहावं, आणि शेजारी आईचंही नाव. गावाचं स्पेलिंग अमेरिकेतल्या कागदांवर बहुधा चुकलेलं असतं. लग्नाच्या आणि बाप्तिस्म्याच्या चर्चमधल्या नोंदी पोलिश पाद्र्यांनी लिहिलेल्या, म्हणून त्या आधी ताडून घ्याव्यात.