नैवाशाचे पाणी

नैरोबीहून सुमारे नव्वद किलोमीटरवर, समुद्रसपाटीपासून 1,885 मीटर उंचीवर नैवाशा सरोवर आहे. मलेवा नदी अबरडेअर डोंगरांतून त्यात येऊन मिळते, पण सरोवरातून बाहेर वाहणारी एकही नदी नाही. एवढ्या उन्हात ते खारट व्हायला हवे होते. पाणी जमिनीखालून झिरपून जाते आणि क्षार सोबत नेते, म्हणून ते गोडे राहिले आहे.

तिथे जाण्याआधी केनियाच्या भूशास्त्रज्ञ लिडिया ओलाका यांचे, हे सरोवर ज्या खचदरीत (जमीन खचून झालेल्या लांब दरीत) आहे तिथल्या पाण्यावरचे संशोधन मी वाचले होते. या दरीच्या कड्यांवर पाऊस भरपूर, तळ मात्र कोरडा, आणि खोलगट खळग्यात साठलेले पाणी पावसातल्या थोड्याशा बदलानेही कितीतरी वर-खाली होते, असे त्यांनी सहकाऱ्यांसह 2010 मध्ये मांडले. ते वाचून समजले होते, पण पटले ते नावेत बसल्यावर. काही वर्षांपूर्वी काठावर कोरड्यात उभ्या असलेल्या बाभळी आता पाण्यात वठल्या होत्या. पाण्यालगतच्या सालीला हात लावताच ती भिजल्या पुठ्ठ्यासारखी सुटून आली, आणि वर फांदीवर एक पाणकावळा पंख पसरून बसला होता.

दुसऱ्या दिवशी हेल्स गेट उद्यानातली ओल न्जोरोवा घळ पाहिली. आज तिच्या तळाशी गरम पाण्याचे झरे तेवढे पाझरतात. हजारो वर्षांपूर्वीच्या ओल्या काळात मात्र हेच सरोवर इतके भरले होते, की त्याच्या सांडव्याने हा कातळ कोरून काढला.

नावाडी हसला तेव्हा त्याच्या दातांवर तपकिरी पट्टे दिसले, आणि मला माझी यवतमाळची मावशी आठवली, कारण आमच्याकडच्या काही गावांतही विहिरींच्या पाण्यात फ्लोराइड आहे आणि तिचे दात अगदी असेच होते. इथे ते ज्वालामुखीच्या खडकांतून भूजलात उतरते. ओलाका यांच्या 2016 च्या निबंधाचा विषय हाच आहे. डोंगरउतारांच्या पाण्यात ते कमी, दरीच्या तळाशी अधिक. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरला 1.5 मिलिग्रॅमची आहे. खारटपणा जिभेला कळतो, फ्लोराइड कळत नाही. म्हणूनच कुठल्या विहिरीत ते किती आहे हे कोणीतरी मोजत राहणे मला फार मोलाचे वाटते.

लहान मुलांसाठी आता पावसाचे पाणी साठवतो, असे नावाडी म्हणाला. परतताना त्याच्या घरावरून गेलो, तर पत्र्याच्या पन्हळीखाली काळी टाकी होती आणि तिच्या तोंडावर स्वच्छ फडके बांधलेले होते.